छापील लेखास वाचकाचें उत्तर

गेल्या वर्षीं आमच्या शाळेंत दर महिन्यास विद्यार्थ्यांचें एक हस्तलिखित भित्तिपत्रक निघत असे व तें वाचनालयाबाहेरील फळ्यावर लावण्यांत येई. आश्विनांतील अंकांत आठव्या इयत्तेंतील एका मुलीनें मेडशीजवळच्या आपल्या वस्तीवरील विहिरीविषयीं एक लहानसा निबंध लिहिला होता. विहीर कोणीं खोदली, ती किती परस खोल आहे, कोणत्या महिन्यांत पाणी तळाशीं जातें, आणि पाणी शेंदतांना दोरानें हात कसे सोलून निघतात, हें तिनें जसें पाहिलें व ऐकिलें तसें लिहिलें होतें. दुसऱ्या दिवशीं त्या निबंधाखालीं कोणीं तरी शिसपेन्सिलीनें चार शब्द लिहून ठेविले. ते शब्द विहिरीविषयीं नव्हते, निबंधाविषयींही नव्हते. लिहिणारीच्या घराविषयीं होते. खालीं नांव नव्हतें. आम्हीं तो कागद उतरवून ते शब्द खोडून काढले व कागद पुन्हां लाविला. परंतु तत्पूर्वींच त्या मुलीनें ते वाचले होते. कार्तिक, मार्गशीर्ष व पौष या तीनही महिन्यांच्या अंकांत तिनें कांहीं लिहिलें नाहीं.

चार शब्दांनीं तीन महिन्यांचें लेखन बंद पडलें. हें पाहून आमच्या मनांत असें आलें कीं, लिहावें कसें हें आम्ही वर्गांत पुष्कळ शिकवितों. परंतु दुसऱ्यानें लिहिलेलें वाचून त्यास उत्तर कसें द्यावें, हें कोणी फारसें शिकवीत नाहीं. म्हणून या विषयावर विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलावे, असें आम्हीं योजिलें आहे.

लेख छापून झाला म्हणजे लेखकाचें काम संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तें तेव्हां अर्धेंच झालेलें असतें. शेतकरी पेरणी आटोपून घरीं येतो. परंतु बीं उगवलें कीं नाहीं, हें पाहण्यास त्यास पुन्हां बांधावर जावें लागतें. लेखकाची तीच गोष्ट आहे. आपलें म्हणणें वाचकास समजलें कीं नाहीं, कोठें चुकलें, कोठें अपुरें राहिलें, हें त्यास वाचकाच्या उत्तरावांचून कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं. उत्तरापासून होणारा दुसरा लाभ सर्व वाचकांचा आहे. एखादें साल, एखादें नांव किंवा एखादा आंकडा चुकीचा छापला गेला, तर तो शंभर जणांच्या मनांत तसाच बसतो; एका जाणत्या वाचकाच्या दोन ओळींनीं तो शंभरांच्या मनांतून निघूं शकतो. तिसरा लाभ स्वतः उत्तर लिहिणाराचा. नुसतें वाचतांना आपणांस सर्व समजलें असें वाटतें. 'हें मला पटत नाहीं' असें लिहूं लागलों, कीं कां पटत नाहीं याचें कारण शोधावें लागतें, आणि तें शोधतां शोधतां पुष्कळदां आपलेंच मत बदलतें.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास पाहिला, तर त्यांत वाचकांच्या पत्रांचा वांटा केवढा मोठा आहे हें सहज दिसून येईल. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' सुरू केलें. त्यानंतर नऊ वर्षांनीं, १८४१ सालीं, भाऊ महाजन यांचें 'प्रभाकर' हें साप्ताहिक निघालें. या 'प्रभाकरा'च्या संपादकांकडे १८४८ सालापासून एका वाचकाचीं पत्रें येऊं लागलीं. पत्रांखालीं 'लोकहितवादी' अशी सही असे. सरकारी नोकरींत असलेले गोपाळ हरि देशमुख हे ते लेखक असून त्यांचें वय तेव्हां पंचवीस वर्षांचें होतें. १८५० सालापर्यंत त्यांचीं शंभराहून अधिक पत्रें प्रसिद्ध झालीं. विद्या, धर्म, व्यापार, राज्यकारभार, स्त्रियांची स्थिति अशा नाना विषयांवर त्यांत आपल्याच समाजाचे दोष स्पष्टपणें दाखविलेले आहेत. आज 'शतपत्रें' या नांवानें ज्या ग्रंथाचा आपण आदरानें उल्लेख करितों, तीं मुळांत साप्ताहिकाच्या संपादकांस पाठविलेलीं पत्रेंच होत.

पत्र लिहिण्यास वय मोठें लागतें असेंही नाहीं. अहमदनगरास अमेरिकन मिशननें १८४२ सालीं सुरू केलेल्या 'ज्ञानोदय' पत्रांत १८५५ सालीं एक निबंध दोन अंकांतून प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता ही मांग समाजांतील मुलगी असून पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकत होती. मांग व महार लोकांस जें दुःख सोसावें लागे तें तिनें त्यांत मांडिलें. शाळेंतील एका मुलीचा निबंध एका संपादकानें छापण्याजोगा मानिला, म्हणून तो आज, दीडशेंहून अधिक वर्षें लोटल्यावरही, आपणांस वाचावयास मिळतो. त्या काळीं कोणीं त्याच्याखालीं चार शब्द खरडून तिला गप्प बसविलें असतें, तर मराठी भाषेचें केवढें नुकसान झालें असतें!

पुढें डाक स्वस्त झाली तशी वाचकाची सोय वाढली. १८७९ सालीं हिंदुस्थानांत पोस्टकार्ड निघालें, त्याची किंमत अवघी पाव आणा होती. पुण्यामुंबईच्या पत्रकर्त्याशीं खेड्यांतील मनुष्यास पाव आण्यांत बोलतां येऊं लागलें. पुढें तर वृत्तपत्रें खुद्द खेड्यांतूनही निघूं लागलीं. मुकुंदराव पाटील यांनीं १९१० पासून 'दीनमित्र' हें पत्र अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील खेड्यांतूनच चालविलें. आणि ज्यांस बोलण्यास जागाच नव्हती त्यांच्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं जें पाक्षिक काढिलें, त्याचें 'मूकनायक' हें नांवच पुरेसें बोलकें आहे.

आतां आपल्या वऱ्हाडांतील एक गोष्ट सांगतों. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण विधवेस अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें 'पुणें वैभव' पत्रांत जो मजकूर आला, त्यांत दोष त्या एका स्त्रीस न देतां समस्त स्त्रीजातीस देण्यांत आला होता. तो वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं उत्तर लिहावयास घेतलें. उत्तर वाढत वाढत त्याचें पुस्तक झालें. 'स्त्रीपुरुषतुलना' या नांवानें तें १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापून निघालें. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारले जातात ते पुरुषांत नाहींत काय, असा ताराबाईंचा रोखठोक प्रश्न होता, आणि त्याखालीं त्यांचें स्वतःचें नांव होतें.

या उत्तरास प्रत्युत्तर काय मिळालें? मुद्द्यांस उत्तर देणारे थोडे, चेष्टा करणारे पुष्कळ. महात्मा फुले यांनीं १८८५ सालीं आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेंत ताराबाईंची बाजू घेतली व टीकाकारांस जाब विचारला. परंतु ताराबाईंचें दुसरें पुस्तक मराठी वाचकांस लाभलें नाहीं. 'स्त्रीपुरुषतुलना'ही पुढें विस्मृतींत गेलें. तें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रकाशांत आणिलें. बुलढाण्यास बसून एका स्त्रीनें पुण्याच्या वृत्तपत्रास निरुत्तर करावें, हें उत्तराचें सामर्थ्य. आणि त्याच स्त्रीची लेखणी पुढें स्तब्ध व्हावी, ही वाईट प्रत्युत्तराची किंमत. विहिरीवरील निबंधाखालचे ते चार शब्द पाहून आम्हांस ताराबाईंची आठवण झाली ती याकरितांच.

यावरून कोणीं असें समजूं नये, कीं उत्तर नेहमीं गोडच असावें. मतभेद अवश्य दाखवावा. मात्र तो मुद्द्याचा असावा. १८८५ सालीं न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठी ग्रंथकारांच्या सभेस येण्याविषयीं महात्मा फुले यांस कळविलें. फुले गेले नाहींत. परंतु ते उगीच रुसून बसले नाहींत. आपण कां येत नाहीं, अशा सभांतून शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा विचार कां होत नाहीं, हें त्यांनीं पत्र लिहून कळविलें, व तें पत्र 'ज्ञानोदया'ंत छापून आलें. पत्राची भाषा कडक आहे, पण कारण दिलेलें आहे व लिहिणाराचें नांव आहे. अशा उत्तरास उत्तर देतां येतें. म्हणूनच त्याचा उपयोग होतो.

दुसरें उदाहरण गोपाळ गणेश आगरकर यांचें. आगरकरांचें आपल्या भागाशीं नातें आहे. त्यांचें शिक्षण कांहीं काळ अकोल्यास झालें, व विद्यार्थी असतांनाच त्यांनीं 'वऱ्हाड समाचार' पत्रांत लेख लिहिले. पुढें १८८१ सालीं 'केसरी' निघाला त्याचे ते पहिले संपादक झाले. टिळकांशीं मतभेद झाल्यावर त्यांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढिला. मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ सालीं झाला, त्या वेळीं हीं दोन पत्रें एकमेकांविरुद्ध उभीं होतीं. आगरकरांच्या कांहीं विरोधकांनीं तर त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढिली. तें उत्तर नव्हे. ज्यांच्याजवळ उत्तर नव्हतें त्यांचा तो गोंगाट होता. याच्या उलट १८९५ सालीं आगरकर वारले, तेव्हां ज्या टिळकांशीं त्यांचा एवढा वाद झाला, त्यांनींच 'केसरी'ंत त्यांच्यावर अंतःकरणपूर्वक मृत्युलेख लिहिला. वाद मताशीं असतो, मनुष्याशीं नसतो, हें टिळकांनीं या प्रसंगीं दाखवून दिलें.

आतां उत्तर देण्याची रीत काय, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, संपूर्ण वाचल्यावांचून उत्तर देऊं नये. शीर्षक वाचून किंवा दुसऱ्याच्या तोंडून ऐकून जो लिहितो, तो लेखकास उत्तर देत नाहीं. आपल्या मनांतील एका कल्पित लेखकाशीं भांडतो. लेख दोनदां वाचावा, आणि लेखकाचें म्हणणें आपल्या शब्दांत एका वाक्यांत सांगतां येतें कीं नाहीं हें पाहावें. तें सांगतां आलें नाहीं, तर अजून उत्तराची वेळ झाली नाहीं.

दुसरी गोष्ट, स्तुति असो वा दोष, नेमकें लिहावें. 'लेख फार सुंदर आहे' एवढ्यानें लेखकाच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. 'पाणी शेंदणाऱ्या हातांचें जें वर्णन आपण केलें, तें वाचून मला माझ्या आईचे हात आठवले,' असें लिहिलें तर आपल्या लेखांत काय साधलें हें लेखकास कळतें. तसेंच 'लेख टाकाऊ आहे' म्हणण्यापेक्षां कोणतें वाक्य समजलें नाहीं तें दाखवावें.

तिसरी गोष्ट, चूक दाखवितांना आधार द्यावा व शब्द सौम्य ठेवावे. समजा, कोणीं आपल्या लेखांत वाशीम जिल्हा १९९९ सालीं झाला असें लिहिलें. वाचकानें इतकेंच कळवावें: 'आपला लेख आवडला. तथापि वाशीम जिल्हा अकोला जिल्ह्यांतून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला. तें साल कृपया तपासून पाहावें.' येथें लेखकाच्या अज्ञानाची दवंडी पिटण्याचें कारण नाहीं. चूक लहान असून केवळ हस्तदोषाची असेल, तर ती लेखकास एकांतीं सांगणें अधिक बरें.

चौथी गोष्ट, लेखकाची जात, घर, रूप, गरिबी, बोलण्याची ढब यांस कधींही हात लावूं नये. ज्याच्याजवळ मुद्दा असतो त्यास याची गरज पडत नाहीं. आणि ज्याच्याजवळ मुद्दा नसतो त्याची उणीव यानें भरून निघत नाहीं.

पांचवी गोष्ट, खालीं नांव लिहावें. येथें कोणी म्हणेल, लोकहितवादींनीं तरी कोठें नांव लिहिलें? होय, परंतु त्यांनीं टोपणनांव घेतलें तें सरकारी नोकरींत राहून लोकहिताचें बोलतां यावें म्हणून, कोणा एका दुबळ्यास लपून दगड मारण्यासाठीं नव्हे. शिवाय टोपणनांवालाही अब्रू असते; लोकहितवादींनीं तें नांव सांभाळलें. ज्यास खरोखर नांव देण्यांत धोका आहे, त्यानें तें निदान संपादकास कळवावें. जें आपण लेखकाच्या तोंडावर बोलूं शकणार नाहीं, तें अंधारांतून लिहूं नये, एवढी कसोटी पुरेशी आहे.

सहावी गोष्ट, थोडक्यांत लिहावें व एका पत्रांत एकच मुद्दा घ्यावा. हातानें खिळे जुळविण्याच्या काळांत संपादक वाचकांस सांगत, कीं कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरांत लिहा. कारण मजकुराचे कागद वेगवेगळ्या जुळाऱ्यांस वांटून द्यावे लागत. आतां खिळे गेले, परंतु त्या नियमामागील सौजन्य जाऊं नये. आपलें पत्र वाचणारास कमींत कमी कष्ट पडावे, हेंच तें सौजन्य होय. दुसऱ्याच्या लेखाचें निमित्त करून स्वतःचीच थोरवी सांगत बसणें, हाही याच नियमाचा भंग आहे.

सातवी गोष्ट, रागाच्या भरांत लिहिलेलें पत्र एक रात्र उशाशीं ठेवावें. सकाळीं तें पुन्हां वाचावें. बहुधा त्यांतील अर्धे शब्द आपणच खोडूं, आणि उरलेलें अर्धें पत्र पूर्वींच्या सबंध पत्राहून अधिक परिणामकारक ठरेल.

ज्यास उत्तर मिळालें, त्याचेंही कांहीं कर्तव्य आहे. चूक दाखविणाराचे आभार मानावे व चूक असल्यास ती सरळ कबूल करावी. त्यांत कमीपणा नाहीं. न पटल्यास एकवार आपलें कारण सांगावें व थांबावें. केवळ शेवटचा शब्द आपला असावा म्हणून वाद लांबवूं नये. आणि शिवीगाळीस उत्तर मुळींच देऊं नये. संपादकानें जागेअभावीं पत्र लहान करावें, परंतु त्याचा अर्थ फिरवूं नये. आपल्या मताविरुद्ध आलेलें चांगलें पत्र तर आधीं छापावें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाच्या लेखाचा पहिला वाचक बहुधा घरांतच असतो. मुलानें वही पुढें केली असतां प्रथम शुद्धलेखनाच्या चुका मोजूं नका, अथवा 'हे धंदे सोड आणि अभ्यास कर' असेंही म्हणूं नका. 'हें तूं कोठें पाहिलेंस? पुढें काय झालें?' असे दोन प्रश्न विचारा. ज्या माता-पित्यांस लिहितां-वाचतां येत नाहीं, त्यांनीं मुलाकडून वाचवून घ्यावें व ऐकून आपलें मत सांगावें. विहिरी, पिकें, पाऊस, जुनीं माणसें यांविषयीं त्यांस जें ठाऊक असतें, तें पुष्कळदां पुस्तकांत नसतें. त्यांची एक दुरुस्तीही मुलाच्या लेखास मोठें बळ देते.

आरंभीं सांगितलेल्या विहिरीची गोष्ट अपुरी राहिली आहे. मार्गशीर्षांत सहाव्या इयत्तेंतील एका मुलानें आमच्याकडे एक चिठ्ठी आणून दिली. ती त्या मुलीच्या नांवें होती. तींत लिहिलें होतें, 'ताई, तुमचा निबंध मीं आजोबांस वाचून दाखविला. ते त्या विहिरीच्या खोदाईस होते. ते म्हणतात कीं विहीर नऊ परस नाहीं, सातच परस आहे. खालीं काळा दगड लागला म्हणून काम थांबलें. बाकी सर्व बरोबर आहे. आजोबांनीं निबंध दोन वेळां वाचावयास लाविला.' खालीं त्यानें आपलें पूर्ण नांव व इयत्ता लिहिली होती.

ती चिठ्ठी मुलीनें कितीदां वाचली, हें आम्हीं विचारलें नाहीं. माघाच्या अंकांत तिचा दुसरा निबंध आला. तिनें वडिलांस बरोबर घेऊन, दोरास दगड बांधून विहीर मोजली होती. ती भरली साडेसात परस. तिचा आंकडा चुकला होता, आणि आजोबांचाही थोडा चुकला होता. दोन्ही गोष्टी तिनें मोकळेपणानें लिहिल्या, व त्या मुलाचें नांव घेऊन त्याचे आभार मानिले.

त्या विहिरीची खरी खोली आज आमच्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. ती एकट्या लेखिकेस ठाऊक नव्हती आणि एकट्या वाचकासही नव्हती. एकानें लिहिलें, दुसऱ्यानें आदरानें उत्तर दिलें, आणि तिसऱ्या वेळीं सत्य हातीं लागलें. हें वार्षिक आतां आपल्या हातीं येत आहे. यांतील लेख आपल्याच मुलांनीं लिहिलेले आहेत, व त्यांत चुकाही असतील. ते वाचून ज्यास कांहीं सांगावयाचें असेल, त्यानें तें लिहावें, नेमकें लिहावें, आणि खालीं आपलें नांव घालावें, इतकीच आमची नम्र विनंति आहे.